पंचमी, पाणी आणि शनिवारचा सामना

दरवर्षी पौष वद्य पंचमीच्या सकाळी तिरुवैयारुत, कावेरीच्या काठी, कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक मांडी घालून बसतात आणि एका सुरात त्यांच्या पाच कृती गातात. पहिली नाट रागातली, मग गौळ, मग आरभी, मग वराळी आणि शेवटी श्री. हा क्रम बदलत नाही. पुढच्या वर्षी तिसरी कृती कोणत्या रागातली असेल, असे कुणी विचारले तर बेधडक ‘आरभी’ म्हणावे. इंग्रजी तारखेने ती पंचमी केव्हा येईल, हेसुद्धा आजच सांगता येते.

तंजावरपासून तेराएक किलोमीटरवरचे हे गाव मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून 1855 पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती आणि त्यागराजांचे आयुष्य (1767 ते 1847) त्याच काळात गेले. ते गेले 6 जानेवारी 1847 रोजी, तिथी पौष वद्य पंचमी. आता एक छोटा हिशेब करू. चंद्राचे 235 महिने आणि सूर्याची 19 वर्षे जवळजवळ तंतोतंत जुळतात. म्हणून दर 19 वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा शेजारी येतात. अशी 9 आवर्तने म्हणजे 171 वर्षे, म्हणजे 2115 चांद्रमास, म्हणजे 62,457 दिवस. 1847 मध्ये 171 मिळवा. 2018 साली ही पंचमी पुन्हा 6 जानेवारीलाच आली. जाणत्या पंचांगकर्त्याला हे पावणेदोनशे वर्षे आधी सांगता आले असते.

2018 चा तो 6 जानेवारी शनिवार होता. त्याच दिवशी इंग्लंडमध्ये एफए कपच्या फुटबॉल सामन्यात चौथ्या श्रेणीत खेळणाऱ्या कॉव्हेंट्री सिटीने प्रीमियर लीगमधल्या स्टोक सिटीला 2-1 असे हरवले. काही तासांत स्टोकने आपले प्रशिक्षक मार्क ह्यूज यांना घरी पाठवले. आदल्या रात्री हा निकाल छातीठोकपणे सांगणारा माणूस सापडणे कठीण होते.

एकाच दिवसाची एक गोष्ट 171 वर्षे आधी कळू शकते आणि दुसरी आदल्या रात्रीही कळत नाही. भाकिताची खरी ओळख या दोन टोकांच्या मधल्या जागेत होते. आपले बहुतेक आयुष्यही तिथेच जाते.

पाणी कधी सुटेल?

मधल्या जागेचे पहिले उदाहरण शोधायला तिरुवैयारुहून फार दूर जावे लागत नाही. पंचक्रोशीतली भातशेती कावेरीच्या पाण्यावर आहे आणि ते पाणी येते मेट्टूर धरणातून. 1934 साली पुरे झालेल्या या धरणाचे दरवाजे उघडण्याची रूढ तारीख 12 जून. मेट्टूरचे पाणी कल्लणै बंधाऱ्याशी येते, तिथे वाटले जाते आणि मग त्रिभुज प्रदेशात ‘कुरुवै’ या कमी मुदतीच्या भाताची लगबग सुरू होते.

12 जून ही तारीख ठरलेली असली तरी पाणी ठरलेले नसते. 2020, 2021 आणि 2023 साली दरवाजे याच तारखेला उघडले. 2022 साली धरणात इतके पाणी होते की 24 मे रोजीच ते सोडावे लागले. 2024 साली साठाच नव्हता, तेव्हा 28 जुलै उजाडला. कोडगुत आणि वायनाडमध्ये पाऊस कसा पडतो, कर्नाटकातल्या धरणांत किती साठते आणि खाली किती सोडले जाते, यावर सारे अवलंबून. शेतकरी तरीही अंदाज बांधतोच, कारण पाणी दिसल्यावर रोपवाटिकेची तयारी करायला निघालेल्याला उशीर झालेला असतो.

त्याला पंचांगकर्त्याची खात्री मिळत नाही. पण तो अंधारातही नसतो. धरणाची आजची पातळी, गेल्या वर्षांचा अनुभव आणि पावसाच्या बातम्या त्याच्या हाताशी असतात. यातून ‘नक्की येईल’ किंवा ‘नक्की नाही’ असे उत्तर निघत नाही. ‘दहात सात वेळा येईल’ असे निघते. फुटबॉलचा अंदाज बांधणाऱ्याला नेमके हेच शिकायचे असते.

घोड्याची लाथ आणि चेंडूची लाथ

फुटबॉलच्या गणिताची एक वाट लष्कराच्या तबेल्यातून येते. 1898 साली लाडिस्लाउस बोर्टकिएविच या अभ्यासकाने प्रशियाच्या सैन्यातल्या एका विचित्र अपघाताच्या नोंदी मांडल्या. घोड्याच्या लाथेने किती सैनिक दगावले, याच्या त्या नोंदी होत्या. त्यांतल्या 10 सैन्यदलांची 20 वर्षांची आकडेवारी घेतली तर 200 नोंदी होतात आणि एकूण मृत्यू 122. म्हणजे सरासरी 0.61. या 200 पैकी 109 वेळा एकही मृत्यू नव्हता, 65 वेळा एक, 22 वेळा दोन, 3 वेळा तीन आणि एकदाच चार.

लाथ कोणत्या सैनिकाला बसेल, हे कुणालाच सांगता येत नाही. पण फ्रेंच गणिती सिमेऑं देनी प्वासाँ यांनी 1837 साली मांडलेले सूत्र घेऊन नुसत्या सरासरीवरून हिशेब केला, तर शून्य मृत्यूच्या नोंदी सुमारे 109, एका मृत्यूच्या 66 आणि दोनच्या 20 यायला हव्यात. प्रत्यक्ष आकडे त्याला किती चिकटून आहेत, ते वर पाहिलेच. एकेक घटना बेभरवशाची आणि त्यांचा समूह शिस्तीचा, हे या सूत्राचे मर्म. क्वचित घडणारी, एकमेकींपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असलेली घटना मोजायची असेल तिथे ते कामाला येते.

फुटबॉलमधला गोल ही अशीच घटना. नव्वद मिनिटे बावीस जण धावतात आणि दोन्ही बाजू मिळून सरासरी अडीच-पावणेतीन गोल होतात. 1951 साली एम. जे. मोरोनी यांनी सांख्यिकीवरच्या आपल्या लोकप्रिय पुस्तकात फुटबॉलच्या गोलांना हे सूत्र लावून दाखवले. 1982 साली माहेर यांनी प्रत्येक संघाची चढाई आणि बचाव वेगळे मोजून त्यात भर घातली. 1997 साली डिक्सन आणि कोल्स यांनी 0-0, 1-1 अशा कमी गोलांच्या निकालांसाठी दुरुस्ती सुचवली. आज दर आठवड्याला छापून येणाऱ्या टक्केवारीच्या मागे बऱ्याचदा याच घराण्यातले गणित असते.

1-1 चे कोडे

आता हे सूत्र आपणच चालवून पाहू. यजमान संघ सरासरी 1.5 गोल करतो आणि पाहुणा 1.1, असे धरा. इंग्लंडच्या लीगमध्ये हे आकडे अगदी नेहमीचे वाटावेत असे आहेत. हिशेबाअंती यजमान जिंकण्याची शक्यता 46 टक्के, सामना बरोबरीत सुटण्याची 26 टक्के आणि पाहुणा जिंकण्याची 28 टक्के येते.

नेमका धावफलक सांगायचा म्हटले तर काय सांगाल? यजमान जिंकण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून आपण 2-1 किंवा 1-0 म्हणतो. सूत्र म्हणते 1-1. या एका धावफलकाची शक्यता सुमारे 12 टक्के, 1-0 ची 11 टक्के आणि 2-1 ची 9 टक्के.

यजमान जिंकेल असे वाटते आणि तरी सर्वांत संभाव्य धावफलक बरोबरीचा, हे कसे? उत्तर सरळ आहे. यजमानाचा विजय 1-0, 2-0, 2-1, 3-1 अशा अनेक निकालांत वाटला जातो आणि त्या सगळ्यांची बेरीज 46 होते. बरोबरीची बेरीज त्याहून लहान आहे, पण तिचा अर्ध्याच्या आसपासचा वाटा एकट्या 1-1 कडे आहे. प्रश्न बदलला की उत्तर बदलते. ‘कोण जिंकेल’ आणि ‘किती गोल होतील’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

यातून बरोबरीचे दुःख कळते. चारात एक सामना बरोबरीत सुटतो, पण एकेक सामना सुटा घेतला तर बरोबरी ही सर्वांत मोठी शक्यता जवळपास कधीच नसते. म्हणून प्रत्येक सामन्यात सर्वांत संभाव्य निकाल निवडणारा माणूस बरोबरीचे नावच घेत नाही. आठवड्याच्या दहा सामन्यांत त्याचे दोन-तीन अंदाज तिथेच पडतात. तो चुकीचे खेळला असे नाही. खेळच तसा आहे.

गोल थोडे पडतात म्हणून दुबळ्या संघाला फुटबॉलमध्ये जागा मिळते. कबड्डीत पन्नास-साठ गुणांच्या उलाढालीत एखादी चूक बुजून जाते. फुटबॉलमध्ये एक उसळलेला चेंडू सामना नेतो. 22 नोव्हेंबर 2022 रोजी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 असे हरवले. त्याआधी अर्जेंटिना सलग 36 सामने अपराजित होती आणि चारएक आठवड्यांनी विश्वचषकही तिनेच उचलला. जगज्जेता संघ त्या दुपारी हरला, यात फुटबॉलची सारी गंमत साठवलेली आहे.

स्वतःचे मैदान आणि शाहू स्टेडियम

यजमानाला 1.5 आणि पाहुण्याला 1.1 असे आपण धरले, ते घरच्या मैदानाचा फायदा म्हणून. हा फायदा येतो कुठून? प्रवासाचा शीण, मैदानाची ओळख आणि प्रेक्षकांचा आवाज अशी कारणे दिली जात. करोनाच्या काळात त्याची परीक्षाच झाली. 2020-21 च्या प्रीमियर लीगमध्ये बहुतेक सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. 380 सामन्यांत यजमान 144 वेळा जिंकले आणि पाहुणे 153 वेळा. 83 सामने बरोबरीत सुटले. पाहुण्यांनी यजमानांना मागे टाकावे, असे इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत पूर्वी कधी घडले नव्हते. प्रेक्षकांचा आरडाओरडा धावफलकावर उमटतो, असे मानायला याने मोठाच आधार दिला.

महाराष्ट्रात हा प्रश्न कोल्हापूरला नेऊन पाहावा. क्रिकेटवेड्या राज्यात फुटबॉलने भारलेले हे शहर. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथे पेठापेठांत अभिमानाने घेतली जातात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. पण कोल्हापूरच्या लीगचे वैशिष्ट्य असे की सारे संघ एकाच मैदानावर, राजर्षी शाहू स्टेडियममध्ये खेळतात. इथे कुणीच यजमान नाही आणि कुणीच पाहुणा नाही. दोन्ही पेठा समोरासमोर बसतात, हलगी दोन्हीकडे वाजते.

इथे दोन्ही संघांना समान, समजा 1.3 गोलांची सरासरी दिली तर प्रत्येकाच्या विजयाची शक्यता 37 टक्के आणि बरोबरीची 26 टक्के येते. म्हणजे तालमीच्या कट्ट्यावर ‘उद्या आपणच’ असे ठासून सांगणारा कार्यकर्ता तीनपैकी दोन वेळा चुकणार. तो तरी तसेच सांगणार, आणि त्याने तसेच सांगावे. त्याचे वाक्य भाकीत नसते. ती निष्ठा असते. शेजारच्या आजींनी परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर दही-साखर ठेवून ‘पहिला येशील’ म्हणावे, त्यात टक्केवारी कुणी शोधत नाही. भाकीत आणि आशीर्वाद यांचे काम वेगळे आहे, एवढे मात्र मनात स्पष्ट असावे.

पोपट आणि ऑक्टोपस

तमिळनाडूत देवळांच्या वाटेवर पोपट घेऊन बसणारे ज्योतिषी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पिंजऱ्याचे दार उघडते, पोपट चिठ्ठ्यांच्या ओळीवरून चालतो, एक चिठ्ठी चोचीने ओढतो आणि पुन्हा आत जातो. महाराष्ट्रातल्या जत्रांतही हे दृश्य अनोळखी नव्हते. तमिळ माणसांबरोबर ही विद्या सिंगापूरला गेली आणि 2010 च्या विश्वचषकात तिथला मणी नावाचा पोपट जगाच्या बातम्यांत आला. उपांत्यपूर्व फेरीचे चारही सामने त्याने बरोबर सांगितले, स्पेन विरुद्ध जर्मनीही बरोबर सांगितला. अंतिम सामन्यात त्याने नेदरलँड्सची चिठ्ठी ओढली आणि स्पेन जिंकला.

त्याच स्पर्धेत जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ निकाल बरोबर निवडले. नाणे उडवून सलग आठ वेळा बरोबर येण्याची शक्यता 256 मध्ये एक. ऐकायला हे थक्क करणारे वाटते. पण विश्वचषकाच्या महिन्यात जगभरात किती प्राण्यांपुढे झेंडे ठेवले गेले असतील, याचा विचार करा. 256 प्राण्यांनी नशीब अजमावले तर त्यातला सरासरी एक जण आठही बरोबर सांगणारच. बातमी त्याचीच होते. बाकीचे 255 शांतपणे आपला चारा खातात. दोन वर्षांपूर्वीच्या युरो स्पर्धेत पॉलचे सहापैकी दोन अंदाज चुकले होते, हेही फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

बरोबर आलेले भाकीत गाजते आणि चुकलेले विसरले जाते. पोपटाला, ऑक्टोपसला आणि आपल्या ओळखीतल्या ‘मी म्हटलंच होतं’ म्हणणाऱ्या काकांना हा नियम सारखाच लागू आहे.

किती पानं उठतील?

घरात आणि गावात रोज होणाऱ्या भाकितांकडेही याच नजरेने पाहता येते. गच्चीवर कपडे वाळत घालणे हे हवामानाचे भाकीत आहे. ‘निघालोच, दहा मिनिटांत पोचतो’ हे वाहतुकीचे भाकीत आहे आणि ते करणारा अजून अंघोळीला जायचा असतो. भाजीवाल्या मावशी सकाळी कोथिंबिरीच्या किती जुड्या घ्यायच्या ते ठरवतात, तेव्हा त्या दिवसभराच्या गिऱ्हाइकाचा अंदाज बांधत असतात.

या सगळ्यांत मला सर्वांत आदर वाटतो तो लग्नाच्या आचाऱ्याचा. मराठी लग्नात येणार की नाही हे पाहुणे कळवत नाहीत. येतील तर एकटे की सहकुटुंब, हेही नाही. यजमान म्हणतो ‘चारशे’. आचारी एकच प्रश्न विचारतो, मुहूर्त कितीचा आणि वार कोणता? रविवार, दुपारचा मुहूर्त, कार्यालय बसस्टँडजवळ, एवढ्यावरून तो आपला आकडा धरतो. तो थोडा चढाच धरतो. जिलेबी उरली तर डबे भरून घरोघर जाते. जिलेबी संपली तर ती गोष्ट तीन पिढ्या सांगितली जाते. दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत सारखी नसते, हे त्याला पक्के माहीत असते.

अंदाज करणे ही एक पायरी आणि त्यावर निर्णय घेणे ही दुसरी. पावसाची शक्यता 30 टक्केच असली तरी आजारातून उठलेल्याने छत्री घ्यावी आणि धडधाकट माणसाने भिजायला हरकत नाही. शक्यता दोघांची एकच, निर्णय वेगळे. मेट्टूरच्या पाण्याची वाट पाहणारा शेतकरी हेच करतो. पाणी येईल का, याबरोबरच आले नाही तर काय गमावू, हेही तो मोजतो.

वही ठेवा

मग चांगले भाकीत ओळखायचे कसे? ‘खरे ठरले ते चांगले’ हे उत्तर पुरेसे नाही. पोपटाचेही खरे ठरते. 1950 साली अमेरिकेतल्या हवामान खात्यातले ग्लेन ब्रायर यांनी यावर एक साधा उपाय सुचवला. अंदाज टक्केवारीत द्यायचा. घटना घडली तर तिला 1 आणि नाही घडली तर 0 धरायचे. अंदाज आणि वास्तव यांतल्या अंतराचा वर्ग करायचा. गुण जितके कमी तितका अंदाज चांगला.

‘पाऊस पडेल, 70 टक्के’ असे म्हटले आणि पडला तर अंतर 0.3, वर्ग 0.09. नाही पडला तर अंतर 0.7, वर्ग 0.49. जो नेहमी 50 टक्के म्हणून अंग काढून घेतो त्याला कायम 0.25 मिळतात. आणि ‘शंभर टक्के’ म्हणून चुकतो त्याला पूर्ण 1, म्हणजे सर्वांत मोठा दंड. या हिशेबात प्रामाणिक माणसाचा फायदा होतो. जेवढी खात्री आहे तेवढीच सांगणे हाच इथे सर्वांत चांगला डाव ठरतो.

ब्रायर यांनी हे पावसासाठी केले. पण सराव करायला फुटबॉलइतकी सोयीची शाळा मला दुसरी दिसत नाही. लग्नाचा अंदाज वर्षातून एक-दोनदा करायला मिळतो, मेट्टूरचा एकदाच. फुटबॉल लीग मात्र जवळजवळ दर आठवड्याला दहा सामने समोर ठेवते आणि दोन-तीन दिवसांत निकालही हातात देते. प्रीमियर लीगच्या एका हंगामात 38 फेऱ्या होतात. म्हणजे 380 वेळा आपली खात्री तपासून घेता येते. अट एकच, पैसे लावायचे नाहीत. सट्टेवाल्याच्या दरांत त्याचा वाटा आधीच कापलेला असतो. शिवाय पैसे लावले की डोके शक्यता सोडून आशेच्या मागे धावू लागते.

दोनशे पानी वही पुरेल. सामन्याआधी तीन आकडे लिहायचे: यजमान, बरोबरी, पाहुणा. त्यांची बेरीज 100 व्हायला हवी. निकाल लागल्यावर खाडाखोड करायची नाही. हंगाम संपला की आपण 70 टक्क्यांच्या आसपास ठेवलेले सगळे अंदाज एकत्र काढायचे. त्यातले दहात सात खरे ठरले असतील तर आपली खात्री आणि जग एकमेकांशी जुळले आहे. दहात नऊ खरे ठरले असतील तर आपण उगाच भितो. दहात पाचच ठरले असतील तर आपण उगाच ठासून बोलतो. घरातले दोघे-तिघे मिळून वही ठेवतील तर आणखी चांगले. वर्षअखेर सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारा आणि सर्वांत कमी गुण मिळवणारा हे बहुधा एकच नसतात, हे मुलांना उपदेशाविना कळते.

लीगचा नवा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो. पहिल्या पानावर तारीख घाला, दहा सामने लिहा आणि प्रत्येकापुढे तीन आकडे मांडा. बरोबरीच्या रकान्यात शून्य कधीही लिहू नका.